बनुबाईचा हात आणि सकाळची गोळी

बनुबाई रोज सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची आणि तळवा पुढे करायची. मी डोळे चोळत बाहेर यायचे, बाटलीतली एक पांढरी गोळी तिच्या तळव्यावर ठेवायचे आणि पाण्याचं फुलपात्र पुढे करायचे. गोळी गिळून झाली की ती मला विचारायची, "झोप लागली का?" खरं तर ती झोप तिनंच मोडलेली असायची. मला लवकर उठायचा मनापासून कंटाळा आहे, आणि तो मी कधी कुणापासून लपवलेला नाही. तरी जिनं मला इतके दिवस पहाटे उठवलं, तिची आठवण काढल्याशिवाय आजही माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

एकाहत्तर साली लग्न होऊन चार महिने झाले होते आणि मी त्या गावात आले होते. नेवाशापासून दोन कोसांवरचं गाव. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान सुमंत, तिथल्या प्राथमिक शाळेत होते. मी नगरच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. मला ना भाकरी थापता येत होती, ना आडावरून पाणी शेंदता येत होतं. बायका माझ्याशी चांगलं बोलायच्या, पण पाठ फिरली की हसायच्या. हसली नाही ती एक बनुबाई, आणि तेही तिला हसायचीच शक्ती उरली नव्हती म्हणून.

बनुबाई गावची सुईण. वय बावन्न-त्रेपन्न, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, घरी मुलगा गोरक्ष आणि सून लंका. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर उतरलेली. तिच्या हाताला गुण आहे असं पंचक्रोशीत मानत. एकाच झाडाचा पाला दोघींनी वाटला तर बनुबाईनं वाटलेला लागू पडायचा. अडलेल्या बाईच्या पोटावर तिनं नुसता हात ठेवला तरी त्या बाईचा धीर परत यायचा. हे मी ऐकलेलं. मी पाहिली ती बनुबाई ऐन चैत्रात घोंगडी पांघरून उन्हात बसलेली असायची.

चेहरा सुजलेला, भुवया बाहेरच्या बाजूला विरळ झालेल्या, कातडी बाजरीच्या पिठासारखी कोरडी. आवाज जाड झाला होता आणि एक वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागायचा की मास्तर म्हणायचे, त्यांच्याशी बोलताना एक शुद्धलेखन तपासून होतं. लोक म्हणत, सून चांगलं खाऊ घालते, म्हणून म्हातारी सुटली. लंका बिचारी ऐकून घ्यायची. सासू अर्धी भाकरीही संपवत नव्हती हे तिला एकटीला ठाऊक होतं.

त्या चैत्रात बनुबाई एका बाळंतपणाला गेली आणि नाळ बांधताना तिच्या बोटांना दोराच लागेना. बोटं बधिर. शेजारच्या बाईनं गाठ मारली. त्या दिवसापासून बनुबाईनं बोलावणी घेणं बंद केलं. मला म्हणाली, "माजा हात गेला, मास्तरीनबाई." रडली नाही. रडायलाही अंगात थोडी ऊब लागते.

मला काही वैद्यकी येत नाही. पण चैत्रातली घोंगडी माझ्या डोक्यातून जाईना. वैशाखात मी माहेरी निघाले तेव्हा तिला एसटीत घालून सोबत नेलं. नगरला वडिलांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबराची हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर येताना असं सावकाश आलं की आपण उडालो होतो हेच ते विसरलं असावं. डॉक्टरांनी तेच तीनदा केलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. रक्त पुण्याला पाठवलं. पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं.

डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं. "बाई, गळ्यात इथं एक ग्रंथी असते. तिचा रस अंगभर जातो, म्हणून माणूस हलतं, बोलतं, उबदार राहतं. तुमच्या ग्रंथीनं काम सोडलंय. ही गोळी म्हणजे तोच रस, बाहेरून द्यायचा. रोज सकाळी उठल्या उठल्या, अनाशेपोटी, साध्या पाण्याबरोबर. आधी अर्धी, मग मी सांगेन तशी वाढवायची, एकदम नाही, काळजाला झेपलं पाहिजे. आणि बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. ही जन्मभराची आहे." बाटली उन्हात, ओलीत किंवा चुलीजवळ ठेवू नका, असंही सांगितलं. मग ती बाटली त्यांनी बनुबाईच्या नव्हे, माझ्या हातात दिली. तिची बोटं बधिर, पडेल म्हणून. साधी गोष्ट. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गावी आल्यावर मी बाटली तिच्या घरी द्यायला गेले तर तिनं हातच मागे घेतला.

"डाक्टरनं तुमच्या हातात दिली. तुमीच द्यायची."

"अहो, रोज? लंका देईल की."

"लंकीच्या हातचं पिठलं चांगलं असतंय. औषदाचं निराळं."

"मग तुमच्या हातानं घ्या."

यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी उंबऱ्यावर उभं राहून शिंकले होते. सुईण आपल्या हातानं आपल्याला औषध घेत नाही. हाताचा गुण दुसऱ्यासाठी असतो, आपल्यावर तो चालत नाही. तिची सासू रंगुबाई, जिच्याकडून ती सुईणपण शिकली, तिनं हे सांगून ठेवलं होतं आणि तीस वर्षं ते मोडलं गेलं नव्हतं. मी तासभर वाद घातला. मला वाद घालता येतो, माहेरी माझी त्याबद्दल ख्याती होती. पण हळूहळू बोलणाऱ्या माणसाशी वादात जिंकता येत नाही. आपलंच बोलणं संपतं.

तेव्हापासून ती रोज सकाळी यायला लागली. आमच्या दारापर्यंत चालत यायला तिला पाव तास लागायचा. अर्धी गोळी मी ब्लेडनं कापून ठेवायचे. मास्तर म्हणाले, "तुझा दवाखाना उघडला म्हणायचा." मी म्हटलं, "मग तुम्ही कंपाउंडर व्हा आणि सहाला उठा." ते पांघरुणात शिरले.

आता माझी चूक सांगते. दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय वाटेला लावायचं नाही, एवढं एक वळण मला आईनं पक्कं लावलेलं. मी तिला गोळी द्यायचे आणि लगेच गुळाचा, शेळीच्या दुधाचा वाफाळता चहा. ती सुखानं फुरके मारायची. दोन महिने गेले, गोळी अर्धीची एक झाली, पण घोंगडी काही उतरेना. पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरांनी एकेक विचारत आणलं आणि चहापाशी थांबले. "गोळीच्या डोक्यावर चहा? मग ती अंगी लागणार कशी? गोळीनंतर तासभर पाण्याशिवाय काही नको." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने मी आपल्या पाहुणचारानं त्या बाईचं औषध वाया घालवत होते.

त्यानंतर चहा तासभर पुढे गेला. पण एवढं चालून आलेलं माणूस लगेच परत कसं जाणार? ती पायरीवर बसून राहायची. आणि ती कोरडी बसली असताना मी घरात एकटीनं चहा प्यायचा हे मला पटेना. म्हणून मीही तासभर थांबायला लागले. चहावाचून मी किती चिडखोर असते ते मास्तरांना विचारा. त्या तासात मी चिडायचे आणि बनुबाई सावकाश बोलायची.

माझ्या आयुष्यातलं अर्धं शिक्षण त्या तासातलं आहे. भाकरी थापताना पाणी हाताला किती लावायचं, हे तिनं ओसरीवर कोरड्या हातांनी करून दाखवलं. गावातल्या कुठल्या बाईचं हसणं मनावर घ्यायचं नाही आणि कुणाचं घ्यायचं, ते सांगितलं. आणि तिला हात कसा मिळाला तेही सांगितलं. तिच्या पहिल्या बाळंतपणात, म्हणजे तिनं केलेल्या पहिल्या बाळंतपणात, रंगुबाईनं तिच्या हातावर आपला हात ठेवून नाळेची गाठ मारून घेतली. मग दोघींच्या हातांवर तीनदा पाणी सोडलं आणि म्हणाली, आता हा हात माझा नाही, तुझा. त्यानंतर रंगुबाईनं कधी कुणाची नाळ बांधली नाही.

श्रावणात तिनं घोंगडी घडी करून ठेवली. नवरात्रात तिचा आवाज फुटला. एके दिवशी ओढ्यापलीकडून कुणीतरी कुणाला खणखणीत शिव्या देताना ऐकू आलं आणि लंका धावत आमच्याकडे आली, "ऐका की बाई, आत्याबाईंचा आवाज!" आम्ही दोघी ओसरीवर उभ्या राहून त्या शिव्या ऐकत होतो आणि लंकेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिवाळीच्या आधी बनुबाई पुन्हा एका बाळंतपणाला गेली. दोरा बोटांना लागला. परत येताना वाकडी वाट करून ती माझ्याकडे आली आणि दोन्ही हात माझ्यापुढे उलटे-सुलटे करून दाखवले. ते हात उबदार होते. देवाचे, डॉक्टरांचे आणि त्या गोळीचे मी त्या दिवशी मनापासून आभार मानले, आणि थोडे स्वतःचेही.

बाहत्तरच्या मार्गशीर्षात मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. बनुबाईनं माझं पोट पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाली, आणि मग विचारलं, "माजी गोळी?"

"मास्तर देतील."

"मास्तरांचा हात खडूचा." तरी तिनं मान हलवली. निघताना मी हसत म्हटलं, "गोळी चुकवू नका हं." आणि एसटीत बसले. खिडकीतून बघितलं तर ती अजून हात उंच करून उभी होती.

मी पाच महिने नगरला राहिले. मुलगा झाला. मास्तर रविवारी येत तेव्हा मी विचारायचे, बनुबाई कशी आहे? "बरी आहे, बाटली घरी घेऊन गेली," असं ते सांगत. दुष्काळाचं वर्ष होतं. शाळा सांभाळून रोजगार हमीसारख्या कामांची हजेरी लिहायचं कामही त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांना मी फार दोष देत नाही. थोडा देते.

वैशाखात मुलाला घेऊन परत आले. वाटलं, पहिली धावत येईल ती बनुबाई. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मीच मुलाला खांद्यावर टाकून तिच्या घरी गेले.

बाहेर जमीन तापलेली, आणि बनुबाई चुलीपुढे घोंगडी पांघरून बसली होती. चेहरा पुन्हा तसाच सुजलेला. माझ्याकडे पाहून ओळखायला तिला क्षणभर लागलं. बाटली देव्हाऱ्यात होती. तिला हळदकुंकू वाहिलेलं होतं. मी झाकण उघडून पाहिलं तर काठोकाठ भरलेली.

मी ओरडले. लहान मूल खांद्यावर असताना, दुसऱ्याच्या घरात, मी माझ्या आईच्या वयाच्या बाईवर ओरडले. "पूजा करायला दिली होती का ती? डॉक्टर काय म्हणाले होते? सोडली तर अंग थंड पडत जातं आणि माणूस एक दिवस झोपेतून उठतच नाही, हे तुमच्यासमोर सांगितलं होतं ना?"

तिनं सावकाश मान वर केली. "तुजा हात न्हवता, माले."

माझं नाव विजयमाला. आजवर ती मला मास्तरीनबाई म्हणत होती, तुम्ही म्हणत होती. त्या दिवशी पहिल्यांदा माले म्हणाली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. उरली ती भीती.

कारण माझ्या ट्रंकेत एक कागद होता. मास्तरांची पारनेर तालुक्यात बदली झाली होती. जूनअखेर हजर व्हायचं होतं. मी बनुबाईला ते सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा अर्ध्या गोळीपासून सुरुवात केली, पुन्हा सकाळचे सहा, पुन्हा तो कोरडा तास. ती हळूहळू सावरत होती आणि मी दिवस मोजत होते. मी गेल्यावर बाटली पुन्हा देव्हाऱ्यात जाणार हे मला लख्ख दिसत होतं. आणि या खेपेला परत यायला मी नसणार होते.

जूनच्या मध्याला एका सकाळी आठच्या सुमाराला लंकेला कळा सुरू झाल्या. तिसरं बाळंतपण. गोरक्ष खडीच्या कामावर गेलेला. शेजाऱ्यानं नेवाशाहून नर्सबाईंना आणायला बैलगाडी जुंपली, पण लंकेचं बाळ बैलांसाठी थांबणारं नव्हतं. बनुबाईनं मला हाक मारली. मी ब्लेड आणि दोरा उकळत्या पाण्यात टाकला, एवढंच मला येत होतं. बाकी सगळं बनुबाईनं केलं. आवाज अजून जाडच होता, पण लंकेला "दम धर, घाई न्हाई" म्हणताना तो पुरेसा होता. मुलगी झाली. रडली. आणि नाळ बांधायची वेळ आली तेव्हा मी पाहिलं, बनुबाईची बोटं दोऱ्यावर थरथरत होती.

"माले, हितं ये. मला गाठ कळंना."

मी पुढे झाले. तिनं माझ्या हातावर आपला हात ठेवला. तिच्या हाताखाली माझ्या बोटांनी एक गाठ मारली, मग दोन बोटं सोडून दुसरी. मधे ब्लेड फिरवलं. मग तिनं तांब्या ओढला आणि आमच्या दोघींच्या हातांवर तीनदा पाणी सोडलं. त्या वर्षी पाण्याचा थेंब थेंब जपत होते, तरी तिनं हात आखडला नाही.

"आता ह्यो हात माजा न्हाई," ती म्हणाली. "तुजा."

मला रडू आवरेना. तासाभरानं नर्सबाई आल्या, बाळबाळंतीण तपासली, गाठ पाहून कुणी मारली म्हणून विचारलं. बनुबाईनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

त्या दुपारभर मी विचार करत होते, आणि मला एक गोष्ट सुचली. दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई पायरीवर येऊन बसली, तळवा पुढे केला. मी तळव्यावर गोळी ठेवली नाही, अख्खी बाटली ठेवली.

"बनुबाई, तुमचा हात आता कुणाचा?"

"तुजा."

"मग तुमच्या हातानं गोळी घेतली तर ती कुणाच्या हातची झाली?"

मला वाटलं ती चकित होईल. माझ्या हुशारीचं कौतुक करील. ती नुसती हसली.

"मंग मी काय येगळं म्हनत्ये? शनिवारी तू निघालीस. मास्तरांनी कवाच सांगितलंय मला. म्हनून तर हात दिऊन टाकला."

मी विचारलं, "आणि काल बोटं थरथरत होती ती?"

"थोडी थरथरली. थोडी थरथरवली."

तिनं उजव्या हातानं बाटलीचं झाकण काढलं, एक गोळी डाव्या तळव्यावर घेतली. क्षणभर स्वतःच्या उजव्या हाताकडे असं पाहिलं जसं कुणी ओळखीचं माणूस घरी आलंय. मग गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली.

मला वाटत होतं मी तिला वाचवत होते. तिनं तीस वर्षं जपलेला हात सोडून दिला. कुणाची नाळ ती आता बांधणार नव्हती. औषध घेण्यासाठी तिनं मोजलेली किंमत ती. आणि तिच्या मते तरी, आमच्या तासाची परतफेडही. इतकं कुणी मला कधी दिलेलं नाही.

"चहा?" मी विचारलं.

"येडी का काय? तास व्हऊ दे."

शनिवारी आम्ही गेलो. पारनेरच्या त्या गावात मला पुढं दोन-तीन बायकांच्या नाळा बांधाव्या लागल्या. नर्स लांब होती आणि मी घाबरत घाबरत गेले. प्रत्येक वेळी माझ्या हातावर दुसरा एक हात आहे असं वाटलं.

सहाला मला तिथे कुणी उठवत नव्हतं. तरी जाग यायची. चूल पेटवायचे, पण चहा ठेवायचे सातला. मास्तर म्हणायचे, आता कोण बसलंय पायरीवर? मी सात वाजायची वाट बघायचे.

पोळ्याच्या आसपास एक पोस्टकार्ड आलं. अक्षर गोरक्षचं, बोलणं बनुबाईचं. लंकेची मुलगी बाळसं धरतेय, तिचं नाव माला ठेवलंय, शेळी व्याली, पाऊस बरा आहे. मग खाली, जागा उरली होती तिथं, एवढंच:

"तुजा हात बरा हाय. रोज येळेवर गोळी देतोय मला. च्या मातुर तासानं."